आठ दात्यांचं चाक

इरावती बिराजदारनं ज्या प्रथिनापायी चौदा वर्षं घातली, त्याला धड नावसुद्धा नव्हतं. कागदोपत्री त्याला ‘उपघटक नऊ’ म्हणत. ते प्रत्येक झाडात असतं, गवताच्या पात्यात असतं, आणि त्याची आठवण कुणाला कधी येत नाही. सोलापूरपासून तासाभराच्या वाटेवर भीमातीर कोरडवाहू संस्था होती, तिथे तिची प्रयोगशाळा. २०४१ सालच्या उन्हाळ्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तिच्या हाती ज्वारीचा एक नवा वाण आला. त्याच्या पेशींमधलं चाक दहाऐवजी आठ दात्यांचं होतं.

हे तिनं सगळ्यात आधी सांगितलं ते थोरल्या भावाला. चनबसप्पा, घरचा अण्णा, मंगळवेढ्याकडच्या हुलगेवाडीत शेती बघायचा. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि ती अकराची. स्वतःचं कॉलेज सोडून त्यानं तिला शिकवलं होतं. त्यामुळे नवं काही सापडलं की गाडी काढून हुलगेवाडीला जायचं आणि अण्णाला समजेल अशा भाषेत सांगायचं, ही तिची सवय. अण्णाला समजलं म्हणजे आपल्यालाही नीट समजलं, असा तिचा हिशेब.

“पेशीत बारीक बारीक पिशव्या असतात,” विहिरीच्या कठड्यावर बसून ती सांगू लागली. “तंतुकणिका म्हणतात त्यांना. रोपानं केलेली साखर तिथे जळते. त्या जाळावर पेशी काय करते, तर प्रोटॉन नावाचे कण पडद्याच्या एका अंगाला कोंडून ठेवते. बंधाऱ्यामागं पाणी कोंडावं तसे.”

“बरं.”

“त्या पडद्यात एक चाक बसवलेलं असतं. एकेक प्रोटॉन त्यातून पलीकडं उतरतो आणि चाक एकेक दाता पुढं सरकतं. एक फेरी पुरी झाली की एटीपीचे तीन कण तयार होतात. पेशीतलं सगळं काम त्या एटीपीवर चालतं. मूळ वाढणं, दाणा भरणं, सगळं. आणि चाकाचा एक दाता म्हणजे माझा उपघटक नऊ.”

“म्हणजे दहा दाते असले तर तीन कणांना दहा प्रोटॉन लागणार. आठ असले तर आठातच भागणार,” अण्णा म्हणाला.

“तेच. गाईच्या, माणसाच्या चाकात आठच असतात. झाडांच्यात दहा. मी त्या उपघटकात दोनच जागा बदलल्या. दाता जरा रुंद झाला, आणि आठातच गोल पुरा व्हायला लागला.”

अण्णानं थोडा वेळ विहिरीत बघितलं. “मग झाडांना दहा कशाला ठेवलेत? जास्तीचे दोन दाते देवानं उगीच घातले नसतील.”

इरावतीला हसू आलं. कल्पना नुसती कागदावर होती तेव्हा संस्थेत हा प्रश्न विचारायला लोकांना दोन बैठका लागल्या होत्या. “जोरासाठी. दहाचं चाक पाण्याचा जोर कमी असला तरी फिरतं. आठाच्याला मागून चांगला रेटा लागतो. रेटा कमी पडला की ते अडतं.”

या बचतीचं मोल त्या भागात कुणाला सांगावं लागत नव्हतं. गेल्या वीस वर्षांत रब्बीच्या रात्री उबदार झाल्या होत्या. दिवसभर कमावलेली साखर ज्वारी रात्रीच्या श्वासात जाळून टाकायची. कणीस दिसायला मोठं, पण दाणा बारीक. ज्या रोपाला तेवढ्याच कामाला कमी साखर जाळावी लागेल, त्याच्या कणसात ती उरणार होती.

चाक एका ठिकाणी मात्र अडत होतं. कणसात पराग तयार होतात त्या आठवड्यात त्यांना पोसणाऱ्या पेशींवर एकदम भार येतो. त्यांच्यातल्या तंतुकणिका वीस-वीस पटींनी वाढतात. एवढी मागणी आली की कोंडलेल्या प्रोटॉनचा साठा खाली जातो, रेटा मोडतो आणि आठाचं चाक थांबतं. पराग उपाशी मरतात. कणसातला मादीचा भाग सावकाश वाढतो, त्याला काही होत नाही. उपघटक नऊची कृती तंतुकणिकेतच लिहिलेली असते, आणि तंतुकणिका येतात त्या आईकडून, बापाकडून नाही. म्हणून बी कुणाच्याही परागानं धरलं तरी पुढच्या पिढीतलं चाक आठाचंच राहायचं, आणि पुढची पिढीही बिनपरागाची.

“मग धूळ आणायची कुठनं?” अण्णानं विचारलं. परागाला गावात धूळच म्हणत.

“पाच ओळी ही आणि एक ओळ आपली जुनी मालदांडी ज्वारी. पेरणी यंत्राला सहा नळ्या असतात ना, त्यातल्या एका नळीत जुनं बी घालायचं.”

“माझा एक एकर घे,” अण्णा म्हणाला. “यंदाच पेरू.”

*

पहिल्या वर्षी अण्णानं सांगितल्याबरहुकूम पेरलं. पाऊस बेताचाच झाला होता. माघात रास झाली तेव्हा शेजारच्या एकरात सात पोती निघाली आणि अण्णाच्यात दहा. भाकरी जरा कोरडी व्हायची, पण कडबा गुरांनी आवडीनं खाल्ला. संस्थेनं वाणाला ‘भीमा-आठ’ नाव दिलं. हुलगेवाडीत तिला ‘आठी’ म्हणायला लागले.

दुसऱ्या वर्षी गावातल्या पंचवीस घरांनी आठी पेरली. बियाणं विकत आणायची गरज नव्हती, घरचंच बी पुढच्या वर्षी चालत होतं. त्या डिसेंबरात ज्वारी फुलोऱ्यात असताना इरावती नोंदी घ्यायला आली. अण्णाचं सहा एकरांचं रान एकसारखं, कमरेपेक्षा उंच उभं होतं. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन ओळी बघितल्या, मग परत आली.

“अण्णा, जुन्या ओळी कुठं आहेत?”

“नाही टाकल्या.” तो मुळीच वरमला नाही. “प्रत्येक सहावी ओळ म्हणजे सहा एकरांतला एक एकर कमी पिकवायचा. चहूबाजूंनी लोकांची जुनीच आहे की. वारा काय माझ्या बांधावर येऊन थांबतोय व्हय?”

तिनं एक कणीस वाकवून भिंगातून बघितलं. मादीच्या भागाला पराग धरणारी पिसं असतात, त्यांच्यावर पिवळी धूळ भरपूर होती. दाणा धरायला लागला होता. तो म्हणत होता त्यात काही खोटं नव्हतं.

तिच्या हातातल्या तक्त्यावर एक रकाना होता, ‘जुन्या ओळींचं प्रमाण’. त्या वर्षीचे आकडे वाणाच्या मंजुरीसाठी राज्याच्या समितीपुढे जायचे होते. रिकामा रकाना चालला नसता, आणि ‘शून्य’ लिहिलं असतं तर सगळं शेत नोंदीतून बाद झालं असतं. सगळ्यात चांगलं शेत तेच होतं. तिनं बांधावर उभ्या उभ्या लिहिलं, एकास पाच. मग वहिनींनी बोलावलं म्हणून ती शेजारच्या, लवकर पेरलेल्या रानातला हुरडा खायला गेली.

*

मंजुरी मिळाली. तिसऱ्या वर्षी तीन तालुक्यांत आठी गेली. संस्थेचे प्रमुख डॉ. केळुस्कर तिला म्हणाले, “बाई, तुझ्या हयातीत तुला याचं फळ दिसतंय. फार थोड्यांना दिसतं.” तिला ते पटलं होतं.

डिसेंबरच्या नऊ तारखेला सकाळी अण्णाचा फोन आला.

“इरा, ज्वारी निसवली, फुलली. पण सकाळी रानातनं फिरून आलो तर सदऱ्यावर धूळ नाही.”

“कुठल्या बाजूच्या रानातनं आलास?”

“सगळ्याच. गावात जुनी राहिली नाही यंदा.”

दोन तासांत ती हुलगेवाडीत पोचली. कणसं दिमाखात उभी होती, आणि त्यांच्यातून परागकोश बाहेर आले होते ते सुकलेल्या दोऱ्यांसारखे, पांढुरके आणि पोकळ. तिनं बोटांवर कणीस झटकलं. काही पडलं नाही. मादीची पिसं मात्र पसरून ताजी होती. पराग मिळेपर्यंत ती आठ-नऊ दिवस तग धरतात. त्यानंतर सुकतात, आणि मग कणीस पोचट. गावात तीनशे एकर ज्वारी होती.

“एकाचीही जुनी नाही?”

“हुसेनबीची आहे,” महानंदावहिनी म्हणाल्या. वहिनी बचत गटाचा फवारणीचा ड्रोन चालवायच्या, त्यामुळे कुणाच्या रानात काय आहे ते त्यांना वरून माहीत असायचं. “ओढ्याकडंचा दोन एकराचा तुकडा. तिला पेरायला ट्रॅक्टर उशिरा मिळाला. आज-उद्या फुलायला लागंल.”

हुसेनबी मुलाणी सत्तरीची, एकटी राहणारी बाई. मागच्या वर्षी तिनं चावडीवर विचारलं होतं, की सगळ्यांनी आठी लावली तर धूळ कोण देणार, पाळी तरी ठरवा. त्यावर अण्णा सगळ्यांदेखत म्हणाला होता, “चाची, तुमच्यासारख्यांमुळं गाव मागं राहतंय.”

इरावतीनं पहिल्यांदा संस्थेला फोन लावला. डॉ. केळुस्करांचा आवाज उतरलेला होता. आणखी अकरा गावांतून तसंच कळलं होतं. “शेतकऱ्यांनी ओळी टाकल्या नाहीत. माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं आहे. आपले आकडे स्पष्ट आहेत, एकास पाच पेरलं की कणीस भरतं. तुझ्या भावाच्याच शेताचे आकडे आहेत.”

“सर, आधी जेवढं वाचतंय तेवढं वाचवू या. तुम्ही त्या अकरा गावांना सांगा, आसपास जिथं जुनी उभी असेल तिथनं सकाळी उगवताना पराग घ्यायचे. तीन-चार तासांत वापरायचे. पाण्यात कालवून फवारायचे नाहीत, पाण्यानं मरतात.”

मग ती एकटीच हुसेनबीकडे गेली. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. इरावतीनं काही न लपवता सगळं सांगितलं, आणि म्हणाली, “चाची, तुमच्या रानातली धूळ पाहिजे.”

“धूळ काय, ती कुणाच्या दावणीला बांधलेली न्हाई,” हुसेनबी म्हणाली. “न्या. पण कणसं मोडायची न्हाईत. मला हीच भाकरी चावती.” थोड्या वेळानं तिनं विचारलं, “अण्णा का न्हाई आला?”

“त्याला तोंड दाखवायला जड जातंय.”

“मग पाठ दाखवत ये म्हणावं. पण कामाला ये म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास साठेक माणसं ओढ्याकाठी जमली. अण्णा होता, सगळ्यांच्या मागे. इरावतीनं एकदा करून दाखवलं. कणसाखाली कागदाचा सुपासारखा घडीचा तुकडा धरायचा, ताटाला दोन टिचक्या मारायच्या, पिवळी धूळ कागदावर आली की दुमडून पळायचं आणि आठीच्या कणसांवर हलक्या हातानं उडवायची. बायकांचा हात लवकर बसला. जवळच्या रानांसाठी वहिनींनी ड्रोन काढला. टाकी रिकामी ठेवून त्या तो हुसेनबीच्या ज्वारीवरून अगदी खालून, सावकाश न्यायला लागल्या. पंख्याच्या वाऱ्यानं रानातून धुळीचा पिवळट ढग उठायचा आणि उगवतीच्या वाऱ्यानं मावळतीच्या शेतांवर जायचा. दर शंभर पावलांवर इरावती कणसं तपासत होती. तीनशे पावलांपर्यंत धूळ पोचत होती. पुढं नाही.

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी लांबच्या रानांतली पिसं तपकिरी पडली, आणि लोक यायचे थांबले.

जवळजवळ नव्वद एकरांत निम्मंअर्धं कणीस भरलं. अण्णाचं रान गावाच्या दुसऱ्या अंगाला होतं. आठही दिवस तो लोकांच्या रानात राबत होता, स्वतःच्या रानाकडं धूळ न्यायला त्याला जमलं नव्हतं, किंवा त्यानं नेली नव्हती. त्याची सहा एकर पूर्ण पोचट गेली. उरलेल्या गावाचीही तीच गत. कडबा भरपूर झाला. दाणा नाही.

*

जानेवारीत चौकशी समिती आली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, समितीचे तिघं खुर्च्यांवर, गाव खाली सतरंजीवर. डॉ. केळुस्करही आले होते. येताना गाडीत ते इरावतीला म्हणाले होते, “तू फक्त शास्त्र सांग. नोंदी आहेत तशा आहेत. शिफारस पाळली गेली नाही, एवढंच यातून निघतं.”

त्यातून काय निघतं ते तिला कळत होतं. शिफारस पाळली नाही असं ठरलं की सगळा दोष बारा गावांतल्या लोकांवर जाणार. संस्था सुटणार, वाण सुटणार, तीही सुटणार. चौदा वर्षांचं काम निष्कलंक राहणार.

समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, “माहितीपत्रकात एकास पाच लिहिलं असताना तुम्ही जुन्या ओळी का टाकल्या नाहीत?”

भीमाशंकर वाघमोडे उठला. त्याची चारही एकर पोचट गेली होती. “अण्णांनी सांगितलं म्हणून. मागच्या साली त्यांनी ओळी टाकल्या न्हवत्या, तरी रास झाली. आम्ही विचारलं तर म्हणाले, इराक्काच म्हणली, न्हाई टाकल्या तरी चालतंय.”

इरावतीनं अण्णाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. हे तिला ठाऊक नव्हतं. ती तसं कधीच म्हणाली नव्हती. नुसतं ‘मी असं सांगितलं नाही’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खरंही होतं. अध्यक्षबाई तिच्या उत्तराची वाट बघत होत्या.

ती उभी राहिली. “आधीच्या हंगामात, डिसेंबरात, मी त्या शेतात गेले होते,” ती म्हणाली. “जुनी ओळ एकही नव्हती. मी मोजायलाच गेले होते, त्यामुळे मला ते दिसलं नाही असं नाही. तरी तक्त्यात मी एकास पाच लिहिलं. शेत नोंदीतून जाऊ नये म्हणून. ते कणीस भरलं होतं ते शेजाऱ्यांच्या धुळीवर. हे मी तेव्हा लिहिलं असतं, तर सगळ्या गावानं आठी पेरली की काय होईल हा प्रश्न तुमच्या समितीनंच विचारला असता.”

डॉ. केळुस्करांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मग तुम्ही भावाला तसं करायला सांगितलं होतं का?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मी बघितलं आणि गप्प राहिले. तिथंच हुरडा खाल्ला. गावात ते सांगण्यासारखंच झालं.”

मागं भिंतीशी बसलेला अण्णा उठला, चपला घातल्या आणि पटांगणातून बाहेर निघून गेला.

*

तक्त्याची दुरुस्ती इरावतीच्या सहीनं छापली गेली. भीमा-आठची मंजुरी रद्द झाली. समितीनं दोष संस्थेवर ठेवला, त्यामुळे गावांना पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खाण्याची ज्वारी संस्थेनं पुरवायची ठरली. इरावतीला प्रयोगशाळेतून काढून बीजपरीक्षण विभागात बसवलं. तिथे दिवसभर ओल्या कागदावर दाणे मांडून किती उगवले ते मोजायचं काम होतं. केळुस्कर तिच्याशी कामापुरतं बोलायचे. अण्णा तेवढंही बोलत नव्हता. ती फोन करायची तो वहिनी उचलायच्या, बरंय म्हणायच्या, आणि मागून अण्णाचा काही आवाज यायचा नाही.

“रागावलाय का?” तिनं एकदा विचारलं.

“रागावलेलं दिसत न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “त्यानं तुझ्या नावावर खोटं सांगितलं ते तू चारचौघांत उघडं पाडलं असतंस, तर एक वेळ भांडला असता. तू अंगावर घेतलंस. आता तो काय बोलंल?”

पुरवठ्याची ज्वारी वाटायला संस्थेची गाडी हुलगेवाडीला गेली, तेव्हा इरावतीही गेली. हुसेनबीला तिनं पोतं घरात नेऊन दिलं. म्हातारी पीठ मळत होती.

“तुझं ते बी बंद झालं म्हणं.”

“झालं.”

“दाणा चांगला भरायचा पण. एकाला पाच, एकाला पाच, ते काय तुमचं गणित होतं?”

इरावतीनं परत सगळं सांगितलं. पाच ओळी, एक ओळ, सहावी नळी. हुसेनबीनं परातीतलं पीठ उलथं केलं, मिठाचं भांडं पुढं ओढलं.

“मीठ काय वेगळ्या भाकरीत घालून ठिवतीस काय? पाच भाकरी अळणी आणि एक खारट? ती सहावी भाकरी कोण खाणार? लोक ती टाकूनच देणार की. पिठातच घालायचं.” तिनं चिमूटभर मीठ पिठावर भुरभुरलं. “बियातच मिसळून दे. मग कुणाला काढायचं म्हटलं तरी निघणार न्हाई.”

इतकी साधी गोष्ट होती. जुनं आणि आठी मिसळून पेरलं की प्रत्येक आठीच्या रोपाजवळ धूळ देणारं एखादं तरी रोप असणार. ओळ टाकायची की नाही हा निर्णयच कुणापुढं उरत नव्हता. संस्थेत वाणाच्या शुद्धतेचं प्रमाणपत्र देणारी माणसं बसली होती, त्यात गेले काही महिने तीही होती. भेसळ हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला जायचा. म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मिश्रणाचे प्रयोग करायला तिला परवानगी मिळाली ती बीजपरीक्षण सांभाळून, संस्थेच्या मागच्या पडीक तुकड्यात. दोन वर्षं लागली. उत्पन्न पूर्वीच्या दाव्याइतकं आलं नाही. जुन्या रोपांचा वाटा धरला की जादा उत्पन्न निम्म्यावर आलं. आणि एक अडचण कायमची होती. घरचं बी राखलं की दर वर्षी आठीचा वाटा वाढत जायचा, कारण तिच्या कणसात दाणे जास्त. म्हणून दर वर्षी पेरताना जुनं बी नव्यानं घालावंच लागणार होतं. हे सगळं तिनं अहवालात लिहिलं, अडचण पहिल्या पानावर. गावात चाचणीला पेरू देण्याच्या प्रस्तावात मिश्रणाच्या कल्पनेपुढं नाव घातलं, हुसेनबी मुलाणी, हुलगेवाडी. केळुस्करांनी ते वाचलं, खोडलं नाही, आणि सही केली.

*

२०४६च्या ऑक्टोबरात, हस्ताचा पाऊस पडून रानं वाफशावर आली होती, तेव्हा एका सकाळी संस्थेच्या फाटकाशी अण्णाची गाडी उभी राहिली. त्याच्या मिशा पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं मागची फळी पाडली. आत दोन पोती होती.

“हे आठीचं. त्या सालाआधीचं, कोठीत राहिलेलं. उगवण बघितली, शंभरात एकोणनव्वद येतात,” तो म्हणाला. जणू कालच बोलणं झालं होतं. “आणि हे जुनं. हुसेनबीकडनं आणलं.”

“तिनं दिलं?”

“मागितलं, दिलं. आधी चहा पाजला.”

बीजपरीक्षणाच्या ओसरीवर त्यानं ताडपत्री पसरली. इरावतीनं वजनाचा काटा आणला. या पावणेतीन वर्षांत काय काय घडलं ते विचारावं की नाही, ते तिला ठरवता येईना. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “किती एकर?”

“सहाच्या सहा.”

“मग आठीचं वीस किलो घे आणि जुनं चार.”

अण्णानं तोलून घेतलं. दोन्ही ढीग ताडपत्रीवर ओतले, गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी खालवर करायला लागला. आठीचा दाणा जरा पिवळसर, जुना मोत्यासारखा पांढरा. थोड्या वेळानं दोन्ही इतके एकजीव झाले, की कुठं कोणता ते बघूनच ओळखावं लागे.

“इरा,” तो हात न थांबवता म्हणाला, “त्या दिवशी शाळेत तू माझं नाव घ्यायला पाहिजे होतंस. मी तुझं घेतलं होतं.”

“तू घेतलंस ते खोटं होतं. मी घेतलं असतं तर खरं झालं असतं. पण तेवढंच सांगितलं असतं तर तेही पुरतं खरं झालं नसतं.”

तिनंही ताडपत्रीच्या दुसऱ्या बाजूला बसून बी खालवर करायला घेतलं. लहानपणी दोघं असंच भुईमूग वाळवायला बसायचे, पण त्याची आठवण दोघांपैकी कुणी काढली नाही. काम संपलं तसा अण्णा उठला, जुन्याच्या पोत्यात हात घातला आणि आणखी दोन ओंजळी ताडपत्रीवर टाकल्या.

“अण्णा, जास्त झालं,” ती म्हणाली.

“होऊ दे,” म्हणून त्यानं ते नीट मिसळलं, आणि पोत्याचं तोंड बांधायला सुतळी मागितली.